विक्रेत्याचा कडवटपणा घराबरोबर विकत घेऊ नका





घर घेणे हा व्यवहार आहे, त्याचा साधनेशी काय संबंध, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. पण साधना ढासळते ती बहुधा देवघरात नाही, पैशाच्या बोलण्यात ढासळते. पहाटे तासभर स्थिर बसणारा माणूस दुपारी रजिस्ट्री ऑफिसच्या पायरीवर आवाज चढवतो, आणि रात्री जपाला बसला की हातात माळ असते आणि डोळ्यांसमोर मात्र विक्रेता उभा असतो. म्हणून आज याच विषयावर बोलू.

समजा, तुम्ही रायपूरचे आहात. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी एखादे तुमचे घर आहे, किंवा नोकरीनिमित्त तुम्ही अलीकडे इथे आलात. निवृत्तीनंतर हाताशी काही असावे म्हणून भाडे देणारी एक वास्तू घ्यायचे तुम्ही ठरवले. शहरात भाव परवडेना, म्हणून उत्तरेला बीरगांवकडे वळलात. तिथे भाडेकरूंना तोटा नाही. शेजारी उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत, स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, रोलिंग मिल आहेत. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा आणि छत्तीसगडच्याच खेड्यांतून आलेले कामगार इथे खोल्या घेऊन राहतात. तुम्ही पाहिलेले घर तसेच आहे. एका ओळीत आठ खोल्या, पुढे लांब ओसरी, मागे दोन संडास, एक बोअर, गच्चीवर पाण्याची टाकी आणि सगळ्यावर धुराड्यांच्या काळ्या भुकटीचा थर.

भाव ठरला. बयाणा दिला. आणि मग विक्रेता बदलला. आधी म्हणाला, "आणखी पन्नास हजार लागतील." आठ दिवसांनी म्हणाला की धाकट्या भावाची सही व्हायची आहे. मग निम्मी रक्कम रोख मागितली. तुम्ही फोन केला की तो उचलत नाही, आणि त्याने केला तर रात्री दहाला. भाडेकरूंची अनामत रक्कम कुठे आहे, असे विचारले की "ते बघू नंतर" एवढेच उत्तर येते.

आता तुमचे मन पाहा. पहिल्या दिवशी तुम्हाला घर हवे होते. आता घरापेक्षा जिंकणे हवे आहे.

बौद्ध परंपरेत एका अवघड विक्रेत्याची कथा आहे, तीही अडीच हजार वर्षांपूर्वीच्या काळातली. श्रावस्तीचा अनाथपिंडिक हा मोठा व्यापारी. बुद्ध आणि भिक्षुसंघ यांना वर्षावासात राहण्यासाठी जागा हवी होती. गावापासून फार दूर नाही, फार जवळ नाही, दिवसा गर्दी नाही, रात्री कलकल नाही, अशी एकच बाग त्याला आवडली, आणि ती होती राजपुत्र जेताची. त्याने विचारले तेव्हा जेता म्हणाला की ही बाग विकायची नाही, कोट्यवधी नाणी जमिनीवर अंथरली तरी नाही. अनाथपिंडिक म्हणाला, मग सौदा झाला. जेता म्हणाला, झाला नाही. दोघे न्यायाधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी निर्णय दिला की तुम्ही स्वतः किंमत बोलून दाखवलीत, म्हणून बाग विकली गेली.

विनयपिटकात पुढचा भाग येतो. अनाथपिंडिकाने गाड्या भरून सोने आणवले आणि बागेत नाणी अंथरायला सुरुवात केली. पहिल्या खेपेतले सोने संपले आणि दाराजवळचा थोडासा तुकडा उघडा राहिला. त्याने आणखी आणायला माणसे पाठवली. ते पाहून जेताच्या मनात आले की हा माणूस एवढे सोने ओततो आहे, तेव्हा हे काही साधे काम नसावे. त्याने सांगितले, तेवढा तुकडा झाकू नकोस, तो माझ्याकडून दान असू दे. त्या जागेवर त्याने प्रवेशद्वाराची वास्तू बांधली. ते जेतवन आज उत्तर प्रदेशात सहेत-महेत येथे अवशेषरूपात आहे. या खरेदीचे शिल्प इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर कोरलेले आहे. बैलगाडी थांबली आहे, माणसे चौकोनी नाणी जमिनीवर मांडत आहेत, आणि खाली ब्राह्मी लिपीत खरेदीची नोंद आहे. भरहुत मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात येते. कनिंगहॅम यांना हा स्तूप १८७३ साली सापडला, आणि त्याचे कठडे आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. दानाच्या या प्रसंगात शिल्पकाराने निवडला तो क्षण नाणी मोजून मांडण्याचा आहे, याकडे लक्ष द्या. हिशेब चोख करणे त्या काळच्या भक्तांना हलके वाटत नव्हते.

या कथेत अनाथपिंडिक काय करत नाही, ते पाहण्यासारखे आहे. तो जेताला लबाड म्हणत नाही. तू राजपुत्र असून शब्द फिरवतोस, असे चारचौघांत सुनावत नाही. पण बाग सोडूनही देत नाही. वाद झाला तेव्हा तो ज्यांचे काम निवाडा करणे आहे त्यांच्याकडे गेला, आणि निवाडा आपल्या बाजूने लागल्यावर किंमत कमी करून मागितली नाही. जेता शेवटी बदलला खरा, पण त्याला बदलवणे हे अनाथपिंडिकाचे काम नव्हतेच. त्याची नजर सुरुवातीपासून त्या बागेत राहणार असलेल्या माणसांवर होती.

बीरगांवच्या त्या आठ खोल्यांतही माणसे राहतात. तुमचा आणि विक्रेत्याचा झगडा चालू असताना ती दोघांच्याही बोलण्यात कुठेच नसतात. त्यांच्याकडे आपण येऊच, पण आधी विक्रेत्याशी बोलायचे कसे ते पाहू.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे वर्णन आहे. ऐकणाऱ्याच्या मनाची तगमग होऊ नये, बोलणे खरे असावे, गोड असावे आणि हिताचे असावे, अशा अटी त्यात एकत्र सांगितल्या आहेत. आपण सोयीने एक उचलतो आणि बाकीच्या सोडतो. काही जण खरे बोलतात पण फटकळ. काही जण गोड बोलतात पण मनातले लपवतात, आणि घरी आल्यावर दोन तास बायकामुलांसमोर विक्रेत्याचा उद्धार करतात. (जेवणाच्या ताटावर त्या माणसाचे नाव काढायचे नाही, एवढा एक नियम पाळलात तरी निम्मे काम होते. मुलांना त्या घराबद्दल काही कळण्याआधी द्वेष कळतो.) तप तिथे आहे जिथे सगळ्या अटी एका वाक्यात बसवाव्या लागतात. बीरगांवात वडीलधाऱ्या विक्रेत्याला "कका" म्हणून हाक मारतात. तेव्हा तुम्ही म्हणू शकता, "कका, जो तय हुआ है, उतना मैं पूरा दूँगा. उससे ऊपर नहीं दे पाऊँगा." एवढेच. कारण द्यायचे नाही, टोमणा मारायचा नाही, दुसरीकडे स्वस्त घर मिळते आहे अशी थाप मारायची नाही. आणि हे वाक्य चौथ्या वेळी म्हणतानाही पहिल्या वेळच्याच आवाजात म्हणायचे. ही साधना सोपी नाही, करून पाहा.

भेटीला जाण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसा. श्वास स्थिर होऊ द्या आणि आज आपण कशासाठी चाललो आहोत ते एका वाक्यात मनाशी ठरवा: भावाच्या सहीची तारीख ठरवायला, किंवा कागद पाहायला. भेटून आल्यावर काय ठरले ते दोन ओळींत लिहून विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. यातले पहिले मनासाठी आहे आणि दुसरे कागदासाठी आहे, पण दोन्हींचे फळ एकच. उद्या "मी असे म्हणालोच नव्हतो" या वादात तुमची रात्र जाणार नाही.

आता विक्रेत्याच्या बाजूने थोडे पाहू. त्याच्या वागण्यात लबाडी असेलच असे नाही. पुष्कळदा त्याच्या घरातच एकमत नसते. घर वडिलांचे असते, भाऊ दोन असतात, बहीण लग्न होऊन गेलेली असते. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. तो माणूस तुमच्याशी भाव करतो आहे असे तुम्हाला दिसते, पण तो त्याच वेळी घरातल्या तिघांशी भाव करत असतो आणि तुमच्यासमोर ते कबूल करायची त्याला लाज वाटते. कधी डोक्यावर कर्ज असते. कधी वडिलांनी बांधलेले घर विकतो आहोत याचाच सल असतो. हे समजले की राग थोडा उतरतो. पण समजून घेणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. बहिणीची सही हवी असेल तर "सगळ्यांना एकदा बसवू या, मी चहाला येतो" असे तुम्हीच सुचवा, आणि सही झाल्याशिवाय रजिस्ट्री करू नका. तिचा हक्क डावलून मिळालेले घर तुम्हालाही पचणार नाही, कोर्टातही आणि मनातही.

कागदांबाबत स्पष्ट बोलू, कारण साधक मंडळींना इथे एक गैरसमज असतो. विश्वास ठेवला पाहिजे, कागद मागणे म्हणजे संशय घेणे, असे त्यांना वाटते. तसे नाही. कागद दोघांनाही मोहापासून वाचवतो. तहसील आणि पटवाऱ्याच्या नोंदी पाहा. छत्तीसगडात बी-१ आणि पी-२ या नकला भुइयां संकेतस्थळावर मिळतात. जमिनीचे निवासी डायव्हर्शन झाले आहे का ते पाहा, नगर निगमचा मालमत्ता कर कुठवर भरला आहे ते पाहा. बयाण्याचा करार लेखी करा, त्यात तारीख घाला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने घर तुमचे होत नाही, ते नोंदणीकृत खरेदीखताने होते, हे लक्षात असू द्या. बयाणा देऊन "माझ्या घरात ढवळाढवळ करतो" म्हणून चिडण्यात अर्थ नाही. अजून ते त्याचेच घर आहे.

त्याच कायद्याचे ५५ वे कलम वाचताना मला नेहमी गंमत वाटते. मालमत्तेतला किंवा मालकीतला जो दोष विक्रेत्याला माहीत आहे आणि खरेदीदाराला साध्या चौकशीत कळणार नाही, तो विक्रेत्याने सांगितला पाहिजे, हे आपल्याला तोंडपाठ असते. पण खरेदीदारावरही तसेच बंधन आहे. विक्रेत्याच्या हक्काबद्दल, त्याची किंमत बरीच वाढवणारी एखादी गोष्ट तुम्हाला माहीत असेल आणि ती त्याला माहीत नाही असे तुम्हाला वाटण्यास कारण असेल, तर ती तुम्ही त्याला सांगितली पाहिजे. नोंदी चाळताना तुम्हाला दिसले की मागची पडकी जागाही त्याच्याच खात्यावर आहे आणि त्याला ते ठाऊक नाही, तर काय कराल? विक्रेत्याने महिनाभर छळले आहे. आता गप्प राहिलात तर सगळी भरपाई होईल. इथे तुमची परीक्षा आहे, आणि ती घेणारा विक्रेता नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार नावाचा काशीचा वाणी येतो. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले. त्याला तपाचा अभिमान झाला, तेव्हा आकाशवाणीने त्याला या दुकानदाराकडे शिकायला पाठवले. तुलाधाराने त्याला जे सांगितले त्याचे सार एवढेच, की माझा तराजू सगळ्यांसाठी सारखा आहे. व्यासांनी तपस्व्याला बाजारात पाठवले आहे, रानात नाही. समोरचा माणूस त्रासदायक असला म्हणून तराजूचा काटा हलवायचा नाही, ही त्यातली अवघड बाजू.

रोख रकमेचा प्रश्न मी याच तराजूवर ठेवीन. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक बयाणा रोखीने घ्यायला आयकर कायदा मनाई करतो. खरेदीखतात खरी किंमत न दाखवणे म्हणजे खोटे सांगून त्याखाली सही करणे. "सगळेच करतात" हे उत्तर साधकाने द्यायचे नसते. रोख नाही म्हटल्यावर विक्रेता सौदा मोडेल अशी भीती वाटते. मोडला तर मोडू द्या. एक घर गेल्याने बीरगांवातली घरे संपत नाहीत.

पैठणच्या नाथमहाराजांची आख्यायिका आपल्याला माहीत आहे. गोदावरीत स्नान करून ते परतत आणि वाटेवरचा एक माणूस अंगावर थुंके. महाराज पुन्हा नदीवर जात, पुन्हा स्नान करत. तो थकला, ते थकले नाहीत. ही कथा सांगून कोणी तुम्हाला म्हणेल की सगळे सोसा. मला यातून तसे दिसत नाही. नाथांनी त्याला घराची किल्ली दिली नाही, आणि त्याच्यापायी स्नानही सोडले नाही. ते ज्या कामासाठी निघाले होते ते करत राहिले. तुमचे काम खरेदीखत करणे आहे. तेवढे करत राहा.

विक्रेता खरोखरच फसवत असेल, बयाणा घेऊन नाहीच म्हणत असेल, तर वकिलामार्फत नोटीस द्या, आणि गरज पडली तर दावा करा. कराराची पूर्तता मागण्याचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो आणि आपण पैसे द्यायला सतत तयार होतो हे खरेदीदाराला दाखवावे लागते. कोर्टात गेल्याने साधना बुडते असे समजू नका. अनाथपिंडिकही न्यायाधिकाऱ्यांसमोर उभा राहिला होता. फक्त सोन्याच्या गाड्या त्याच्याकडे तयार होत्या आणि मनात सूड नव्हता.

आता ती आठ खोल्यांतली माणसे.

समजा, शेवटी तुम्ही मध्य काढलात आणि वाढीव पन्नास हजार दिलेत. घर झाले. आता पहिल्याच महिन्यात मनात हिशेब सुरू होतो. आठ खोल्या, प्रत्येकी तीनशे वाढवले तर महिन्याला चोवीसशे, एकवीस महिन्यांत पन्नास हजार वसूल. हिशेब बरोबर आहे. पण हे पैसे कोणाचे? विक्रेत्याने तुम्हाला दुखावले आणि त्याची भरपाई भट्टीसमोर बारा तास उभा राहणारा माणूस करणार. त्याने तुमचे काही बिघडवलेले नाही. विक्रेत्यावरचा राग जिरला नाही की तो असा खाली उतरतो, आणि उतरताना व्यवहारबुद्धीचे कपडे घालून येतो, म्हणून आपल्याला ओळखू येत नाही. भाडे कधीच वाढवू नका, असे मी म्हणत नाही. बाजाराप्रमाणे, वेळेवर सांगून, लिहून वाढवा. पण ती वाढ कोणत्या खात्यातून आली हे स्वतःला विचारा.

दुसरी चाल याहून वाईट आहे. अवघड विक्रेता कधी कधी म्हणतो, "रजिस्ट्रीआधी मी सगळ्यांना काढून देतो, मोकळे घर घ्या." खरेदीदाराला ते सोयीचे वाटते, कारण काढण्याचे पाप आपल्या हातून होत नाही. पण मागणी तुमची असेल तर हात कोणाचा याने फरक पडत नाही. भाडेकरूसकट घर घेता येते. कायद्याप्रमाणे जुन्या मालकाच्या जागी तुम्ही येता, हक्कांसह आणि जबाबदाऱ्यांसह. मागची थकबाकी आपोआप तुमची होत नाही, आणि मालक बदलल्याचे माहीत नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडे दिले तर ते तुम्ही पुन्हा मागू शकत नाही.

म्हणून विक्रेत्याशी शेवटची जी मागणी ठामपणे करायची, ती पन्नास हजारांची नसून अनामतीची असू द्या. कोणत्या खोलीत कोण, कधीपासून, भाडे किती, अनामत किती, याची यादी विक्रेत्याच्या सहीने घ्या, आणि ती रक्कम खरेदीच्या किमतीतून वजा करून घ्या. ही यादी करायला विक्रेता टाळाटाळ करेल. इथे मात्र मागे हटू नका, कारण हे पैसे तुमचेही नाहीत आणि त्याचेही नाहीत. पुढे एखादा कामगार गावी परतताना अनामत मागेल आणि तुम्ही "जुन्या मालकाला विचार" म्हणाल, तर ते तुमच्या तोंडी विक्रेत्याचेच बोलणे असेल.

खरेदीखत झाल्यावर पहिल्या रविवारी तिथे जा. कामगारांच्या पाळ्या असतात, तेव्हा सगळे एकदम भेटणार नाहीत, दोनदा जावे लागेल. मालक बदलला आहे हे प्रत्येकाला लेखी कळवा, भाडे कुठे द्यायचे ते सांगा, वहीत त्यांच्या समोर अनामत लिहा आणि पावती द्या. पूर्वीच्या मालकाबद्दल ते काही सांगू लागतील. ऐका, पण त्यात स्वतःची भर घालू नका. मग गच्चीवर चढा आणि टाकी उघडून पाहा. झाकण नसेल तर ती काळी भुकटी आठही घरे पाण्यातून पीत असतील. टाकी धुऊन घ्या आणि नवे झाकण त्याच आठवड्यात बसवून टाका.